मानसशास्त्रात पीएचडी: डेटा हाती येण्याआधीची कामं

पीएचडीला नव्याने लागलेल्या बऱ्याच जणांची समजूत अशी असते की खरं काम डेटा गोळा झाल्यावर सुरू होतं. आकडे आले की संख्याशास्त्राच्या जाणकाराला गाठायचं, 'काय निघतंय' ते बघायचं आणि लिहायला बसायचं. मानसशास्त्रात हा क्रम महागात पडतो. प्रश्न कसा मांडला, मोजायचं कशाने, माणसं किती घ्यायची, कुणाचा डेटा वगळायचा या निर्णयांवर प्रबंध तरतो किंवा बुडतो, आणि हे निर्णय पहिला सहभागी प्रश्नावली भरायला बसण्याआधीचे असतात. म्हणून हा लेख सुरुवातीच्या पायऱ्यांवर मुद्दाम रेंगाळणार आहे. शेवटच्या पायऱ्या भराभर उरकेन.

पायरी १: पीएचडी कशासाठी, हे ठरवा

"मला लोकांना मदत करायची आहे" असं सांगत पीएचडीच्या मुलाखतीला येणारे पुष्कळ. इच्छा चांगलीच आहे, पण दार चुकलेलं असू शकतं. संशोधनाची पदवी आणि रुग्णांवर उपचार करण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही देशांत त्या एकाच अभ्यासक्रमात मिळतात, काही देशांत त्यांचा एकमेकींशी संबंधही नसतो. १९४९ साली अमेरिकेत बोल्डर इथे झालेल्या परिषदेत असं ठरलं की क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाने संशोधनही शिकावं आणि उपचारही. पुढे १९७३ साली वेल इथल्या परिषदेने उपचारांवर भर देणाऱ्या वेगळ्या डॉक्टरेटला, म्हणजे साय.डी.ला, मान्यता दिली. तेव्हापासून हे दोन रस्ते शेजारीशेजारी चालत आलेत.

तुम्हाला समुपदेशन किंवा उपचार करायचे असतील तर ज्या देशात काम करायचंय तिथली परवाना देणारी संस्था कोणती पदवी मागते आणि देखरेखीखाली किती तास काम करायला लावते, ते तिच्याच नियमावलीत वाचा. विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. मुदतही सगळीकडे सारखी नसते. ब्रिटनमध्ये साधारण तीन-चार वर्षं लागतात, तर अमेरिकेत कोर्सवर्क धरून पाच किंवा त्याहून जास्त.

स्वतःची एक सोपी परीक्षा घेता येते. आवडत्या विषयावरचा एखादा शोधनिबंध उघडा आणि त्यातला फक्त 'पद्धती' हा भाग वाचा. सहभागी कसे मिळवले, गट कसे पाडले, काय मोजलं. हे वाचताना मनात "पण असं का केलं?" असे प्रश्न उठत असतील तर तुम्ही योग्य ठिकाणी आला आहात. तो भाग गाळून निष्कर्षाकडे उडी मारावीशी वाटत असेल, तर पुढची काही वर्षं याच भागात काढायची आहेत हे ध्यानात घ्या.

पायरी २: गाईड बघताना नावाआधी विद्यार्थी बघा

मोठ्या नावाचा मोह होतो. नाव मोठं असण्यात वावगं काही नाही, पण तुम्हाला रोज उपयोगी पडणार तो त्यांचा वेळ. म्हणून अर्ज करण्याआधी त्यांच्याकडे पीएचडी केलेल्यांची यादी काढा. किती जणांनी पूर्ण केली, किती वर्षांत केली, मधेच किती गळाले, पुढे ते कुठे गेले? विद्यार्थ्यांच्या कामावरच्या शोधनिबंधात पहिलं नाव कुणाचं असतं? यातलं बरंचसं संस्थेच्या संकेतस्थळावरून आणि प्रकाशनांच्या यादीवरून कळतं.

जे तिथे कळत नाही ते सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारा. "सर कसे आहेत?" असं विचारलंत तर "चांगले आहेत" हेच उत्तर येणार. त्यापेक्षा नेमकं विचारा: शेवटची भेट कधी झाली? मसुदा पाठवला की किती दिवसांत परत येतो? परत येतो तेव्हा त्यावर काय लिहिलेलं असतं? त्यांना न पटणारा निकाल आला तर काय होतं? या चौथ्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर ते अडखळणंही नोंदवून ठेवा.

गाईडना पहिली ईमेल करताना ती छोटी ठेवा. त्यांचा एक शोधनिबंध खरोखर वाचलेला असावा आणि त्यावर एक खरा प्रश्न असावा. सोबत तुमची पार्श्वभूमी दोन ओळींत आणि तुम्हाला काय शोधायचंय ते तीन ओळींत. "आपल्या थोर कार्याने प्रभावित होऊन" अशा वाक्यांनी काही साधत नाही. तीच ईमेल चाळीस जणांना गेलीय हे वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतं.

पायरी ३: विषयाचा प्रश्न करा

"माझा विषय सोशल मीडिया आणि नैराश्य" असं म्हणणाऱ्याकडे विषय आहे, प्रश्न अजून नाही. विषयावर ग्रंथालय भरेल इतकं वाचता येतं. प्रश्नाचं उत्तर मात्र हो, नाही किंवा इतकं-तितकं असं द्यावं लागतं.

एक एक शब्द पकडून चिमटे काढत जा. सोशल मीडिया म्हणजे काय मोजणार? रोजचे तास? मग ते फोनमधल्या नोंदीवरून घेणार की माणसाला आठवेल तसे? लोकांचा स्वतःच्या वापराचा अंदाज आणि फोनची नोंद यांत बरीच तफावत असते, म्हणजे हा निर्णय किरकोळ नाही. की तास सोडून वापराचा प्रकार बघणार, स्वतः काही लिहिणं विरुद्ध नुसतं इतरांचं बघत बसणं? नैराश्य म्हणजे निदान झालेला आजार की प्रश्नावलीवरचा गुण? कोणत्या वयाचे लोक? एकदाच मोजणार की दर आठवड्याला? अशी तासून तासून ओळ उरते ती काहीशी अशी: 'ज्या आठवड्यात एखादी व्यक्ती तिच्या नेहमीपेक्षा जास्त वेळ नुसतं बघण्यात घालवते, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिचा नैराश्याचा गुण तिच्याच सरासरीपेक्षा वर जातो का?' या ओळीत आराखडा आहे, मोजमाप आहे, तुलना कशाशी तेही आहे. सिनॉप्सिसचा, म्हणजे संशोधनाच्या प्रस्तावाचा, अर्धा भाग इथेच लिहून होतो.

शीर्षकात 'परिणाम' लिहिण्याआधी थांबा. एकाच वेळी दोन प्रश्नावल्या भरून घेऊन त्यांचा सहसंबंध (एकाबरोबर दुसरं किती वाढतं-घटतं) काढला, तर कशाचा कशावर परिणाम झाला ते त्यातून कळत नाही. खिन्न माणूस फोनकडे जास्त वळत असेल, किंवा झोप बिघडल्यामुळे दोन्ही होत असेल. शीर्षकात परिणाम आणि आत सहसंबंध, ही विसंगती परीक्षकाला मुखपृष्ठावरच दिसते.

पायरी ४: वाचन

यात अडकून पडू नका. आधी त्या विषयावरचं अलीकडचं मेटा-विश्लेषण (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून काढलेला अंदाज) शोधा, त्यातून मूळ अभ्यासांकडे जा. प्रत्येक निबंधासाठी तक्त्यात एक ओळ करा: प्रश्न, सहभागी किती आणि कोण, कोणतं साधन, कोणता आराखडा, परिणामाचं आकारमान (फरक किंवा संबंध किती मोठा) किती, आणि तुम्हाला खटकलेली एक गोष्ट. हा शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा, कारण तुमच्या प्रकरणातली टीका तिथूनच येते. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या मोफत साधनात ठेवा. पद्धतशीर आढावा घेणार असाल तर अशा आढाव्यांच्या मांडणीसाठी असलेल्या 'प्रिझ्मा' या नियमावलीची तपासणी सूची शोध सुरू करण्याआधी वाचा. कोणत्या तारखेला कुठे कोणते शब्द टाकून शोधलं हे नंतर आठवत नाही.

पायरी ५: मोजमाप, म्हणजे या विद्येचं खरं दुखणं

पदार्थविज्ञानवाल्याला लांबी मोजायची पट्टी मिळते. आपल्याला चिंता, आत्मसन्मान, एकटेपणा मोजायचा असतो आणि पट्टीही आपणच ठरवायची असते. तरीही साधन निवडण्यात नवे लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात. सीनियरने जी प्रश्नावली वापरली तीच उचलली जाते.

प्रश्नावली हातात आली की आधी तिचा मूळ निबंध वाचा. ती कुणासाठी बनवली होती? कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर बेतलेली प्रश्नावली सत्तरीतल्या लोकांना लावली तर ती काहीतरी मोजेलच, पण तेच मोजेल याची हमी नाही. मग हक्कांचं बघा. पीएचक्यू-९ ही नैराश्याच्या लक्षणांची प्रश्नावली परवानगीशिवाय वापरता येते, पण नैराश्याचीच बेकची प्रश्नावली विकत घ्यावी लागते. इंटरनेटवर कुणीतरी टाकलेली प्रत मिळाली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही.

पीएचक्यू-९ चंच उदाहरण जवळून बघू. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ० ते २७. अगदी सुटसुटीत. पण नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. समजा, रात्री अकरा वाजता कुणीतरी तुमच्या ऑनलाइन फॉर्मवर तिथे ३ ही खूण केली. तो फॉर्म तुम्ही कधी उघडणार? उघडल्यावर कुणाला फोन करणार? प्रतिसाद निनावी असेल तर काय करणार? फॉर्मच्या शेवटी मदतीचा क्रमांक दिसतो का, आणि तो चालू आहे हे तपासलंय का? साधन निवडलंत त्या क्षणी ही जबाबदारीही अंगावर आली. हे सगळं झेपणार नसेल तर तो प्रश्न वगळलेली पीएचक्यू-८ आहे, तिचा विचार करा.

भाषांतर करावं लागलं तर दोघांनी स्वतंत्रपणे करावं, तिसऱ्याने मूळ न बघता उलट भाषांतर करावं, आणि मग सगळ्यांनी बसून फरक मिटवावेत. पुष्कळ जण इथेच थांबतात. पुढची पायरी कष्टाची आहे, पण तिला पर्याय नाही: ज्यांच्यासाठी प्रश्नावली आहे त्यांच्यातल्या काही जणांना समोर बसवून प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला सांगा आणि "यातून तुम्हाला काय कळलं?" असं विचारा. तुम्हाला लख्ख वाटणारं विधान लोक किती तऱ्हांनी वाचतात ते पाहून चक्रावायला होतं.

विश्वसनीयतेबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. क्रॉनबॅकने अल्फा हा गुणांक १९५१ साली मांडला आणि तेव्हापासून "अल्फा ०.७ च्या वर, म्हणजे साधन चांगलं" हा मंत्र झाला. पण एकच वाक्य शब्द बदलून दहा वेळा विचारलं तरी अल्फा झकास येतो. विधानं एकमेकांशी जुळतात एवढंच तो सांगतो. तुम्हाला जे मोजायचंय तेच मोजलं जातंय का, तो वैधतेचा प्रश्न आणि त्याचा पुरावा वेगळा गोळा करावा लागतो.

पायरी ६: माणसं किती?

"सॅम्पल किती घेऊ?" याला "शंभर-दोनशे घे" हे उत्तर अजूनही मिळतं. उत्तर खरं तर परिणाम किती मोठा अपेक्षित आहे यावर ठरतं. दोन स्वतंत्र गटांची तुलना करायची आहे, फरक मध्यम आकाराचा (कोहेनच्या मोजणीत, म्हणजे प्रमाण विचलनाच्या पटीत, ०.५), सार्थकतेची पातळी दुहेरी ५ टक्के (म्हणजे फरक नसतानाही तो कुठल्याही दिशेने 'सापडण्याची' शक्यता ५ टक्के) आणि खरा फरक हाती लागण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल, तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. तोच फरक लहान (०.२) असेल तर प्रत्येक गटात ३९४. म्हणजे मिळून जवळपास आठशे! जीपॉवर हे मोफत सॉफ्टवेअर हा हिशोब लगेच करून देतं.

अपेक्षित आकडा आणायचा कुठून? छापून आलेल्या एकाच अभ्यासातून तर नकोच. छोट्या सॅम्पलमध्ये जे 'सार्थक' ठरतं ते बहुधा फुगलेलं असतं आणि छापून तेच येतं. मेटा-विश्लेषणातला अंदाज घ्या आणि त्यातही हात आखडता ठेवा. किंवा उलटं विचारा: किती लहान फरकापर्यंत मला पर्वा आहे? तेवढी माणसं मिळणं शक्यच नसेल तर प्रश्न बदला, किंवा एकाच व्यक्तीला अनेकदा मोजणारा आराखडा घ्या. मुलाखतींवर आधारित गुणात्मक संशोधन करणाऱ्यांना हा हिशोब लागू नाही. मात्र तिथेही किती मुलाखती आणि का, हे सांगता आलं पाहिजे.

पायरी ७: ठरवलेलं लिहून तारीख टाका

मला एकच पायरी सक्तीची करता आली असती तर ती हीच. २०११ साली सिमन्स, नेल्सन आणि सिमनसोहन यांनी एक खोडसाळ प्रयोग छापला. बीटल्सचं एक गाणं ऐकलेल्या गटाचं वय ऐकल्यामुळे सुमारे दीड वर्षाने कमी झालं, असं त्यांनी सांख्यिकीदृष्ट्या 'सिद्ध' केलं. आकडे खोटे नव्हते. बऱ्याच गोष्टी मोजायच्या आणि जे जुळलं तेवढंच सांगायचं, अधूनमधून निकाल बघून सॅम्पल वाढवायचं, अशा त्या काळी सर्रास चालणाऱ्या सवलती त्यांनी घेतल्या होत्या. अशा चार सवलती एकत्र केल्या तर नसलेला परिणाम 'सापडण्याची' शक्यता ५ टक्क्यांवरून सुमारे ६१ टक्क्यांवर जाते, हेही त्यांनी दाखवलं. चार वर्षांनी, २०१५ साली, मानसशास्त्रातले १०० छापील अभ्यास पुन्हा करून बघितल्याचा मोठा अहवाल आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सार्थक होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्केच तसे निघाले आणि परिणामांचं आकारमान सरासरी निम्म्यावर आलं.

यावरचा उपाय साधा आहे. डेटा गोळा करण्याआधी गृहीतकं, सॅम्पलचा आकडा, वगळण्याचे नियम आणि विश्लेषणाची पद्धत लिहून ओएसएफसारख्या (ओपन सायन्स फ्रेमवर्क) संकेतस्थळावर नोंदवा; हीच पूर्वनोंदणी. तिथे तारखेचा शिक्का बसतो. लिहिताना मोघम राहू नका. 'निष्काळजी प्रतिसाद वगळू' हे पुरेसं नाही. 'चाळीस विधानांची प्रश्नावली ८० सेकंदांच्या आत भरणाऱ्यांना आणि सगळीकडे एकच पर्याय निवडणाऱ्यांना वगळू' असं लिहा. पुढे डेटात काही अनपेक्षित दिसलं तर त्यामागे जायला कुणी अडवत नाही. फक्त प्रबंधात 'हे आधी ठरवलेलं' आणि 'हे नंतर दिसलेलं' असे दोन वेगळे भाग करा. काही नियतकालिकं तर आराखडाच परीक्षणाला घेतात आणि निकाल काहीही आला तरी छापायचं तत्त्वतः कबूल करतात. पीएचडीच्या मुदतीत हे बसवता आलं तर जरूर बसवा, कारण गृहीतक पडलं तरी प्रबंध पडत नाही.

पायरी ८: नैतिकता समिती

अर्ज लवकर करा. समितीची बैठक तुमच्या सोयीने होत नाही आणि दुरुस्त्या हमखास येतात. संमतिपत्र लिहिताना माणसाला काय करावं लागेल, किती वेळ लागेल, मधेच उठून जाता येईल का, माहिती कुठे आणि किती काळ राहील, हे साध्या भाषेत सांगा. एरवी कुणी न वापरणाऱ्या शब्दांनी भरलेलं संमतिपत्र सही मिळवतं, पण त्यातून संमती मिळत नाही. प्रयोगात काही लपवणार असाल तर ते का टाळता येत नाही आणि शेवटी खरं कसं सांगणार, दोन्ही लिहा. मिलग्रॅमच्या १९६३ च्या निबंधातल्या आज्ञाधारकतेच्या प्रयोगानंतर या मुद्द्यावर समित्या डोळ्यांत तेल घालून बसलेल्या असतात, आणि ते योग्यच आहे.

पायरी ९: पायलट, फाईल, आकडे

प्रश्नावली आधी स्वतः भरा, तीही फोनवर, कारण बहुतेक लोक फोनवरच भरणार. मग पाच-दहा जणांकडून भरून घ्या आणि आलेल्या फाईलवर ठरवलेलं सगळं विश्लेषण चालवून बघा. निकाल महत्त्वाचा नाही, रस्ता मोकळा आहे का ते कळतं.

खरा डेटा आला की मूळ फाईलला हात लावू नका. ती कुलूपबंद ठेवा आणि प्रतीवर काम करा. प्रत्येक बदल कोडमध्ये लिहून ठेवा. 'आर' ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा शिकलात तर उत्तम. सुरुवातीला जड जात असेल तर जास्प हे मोफत सॉफ्टवेअरही चालेल. पहिली तपासणी डोळ्यांनी करा: वय २२२ लिहिणारा कुणीतरी असतोच. उलट अर्थाची विधानं उलटवली का ते बघा. १ ते ५ च्या मोजपट्टीवर ६ मधून गुण वजा करायचा. हे राहून गेलं की अल्फा अचानक कोसळतो आणि माणूस साधनाला दोष देत बसतो.

पायरी १०: लिहिणं, छापणं, व्हायवा

पद्धतीचं प्रकरण डेटा गोळा होत असतानाच लिहून टाका, कारण तेव्हा सगळं आठवत असतं. लेखकांचा क्रम काम सुरू होतानाच ठरवा आणि ईमेलवर नोंदवा. नंतर ही गोष्ट काढली की संबंधांना चरे पडतात. न मागता ईमेल करून आठवड्यात छापून देण्याचं आश्वासन देणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. तिथे छापलेला निबंध पुढे मुलाखतीत आडवा येतो.

व्हायवात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, परीक्षक सहसा निष्कर्षापेक्षा निर्णयांवर बोट ठेवतात: हेच साधन का, इतकीच माणसं का, या आठ जणांना का वगळलं? पूर्वनोंदणीची प्रत जवळ असेल तर यातल्या बहुतेक प्रश्नांना तारखेसकट उत्तर देता येतं. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगा, मग ते कसं शोधता येईल ते सांगा. दुरुस्त्या मिळाल्या की तीन रकान्यांचा तक्ता करा: परीक्षकाचा मुद्दा, तुम्ही काय बदललं, कोणत्या पानावर. एखादा मुद्दा पटला नसेल तर दुसऱ्या रकान्यात कारण लिहून तो तसाच ठेवता येतो, गाईडना आधी दाखवून.